रोजचे ताट आणि रोहिणीतला दाह

माझ्या धाकट्या भावाला ४७ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या एका रोहिणीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, घालावा लागला. तो तंबाखू खात नाही, सिगारेट ओढत नाही, रोज सकाळी फिरायला जातो आणि आदल्या वर्षीच्या तपासणीत त्याचे एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, फारसे वाढलेले नव्हते. त्याला घरी सोडताना हृदयरोगतज्ज्ञांनी आम्हा भावंडांना थांबवून सांगितले, की वडील किंवा भाऊ यांना ५५ वर्षांच्या आत, अथवा आई किंवा बहीण यांना ६५ वर्षांच्या आत हा आजार झाला, तर घरातल्या इतरांचा धोका वाढलेला धरतात. तेव्हा प्रत्येकाने आपापले रक्त तपासून घ्यावे. मी ५२ वर्षांची आहे, इंदूरच्या एका उच्च माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवते. मला छातीत कधी दुखले नव्हते, जिना चढताना धापही लागत नव्हती. लक्षण एकही नसताना माझ्या रक्तात जे सापडले त्याचा आमच्या घरच्या रोजच्या खाण्याशी संबंध निघाला. तो कसा तपासला, काय बदलले आणि त्या बदलाकडून किती अपेक्षा ठेवता येते, हे लिहून ठेवावेसे वाटते, कारण आपल्याकडे चाळिशी-पन्नाशीच्या बायका घरातल्या सगळ्यांचे रिपोर्ट फायलीत लावतात, पण त्या फायलीत त्यांचा स्वतःचा कागद सहसा नसतो.

रिपोर्ट आला त्यात एलडीएल १२८, चांगले समजले जाणारे एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २१२, उपाशीपोटीची साखर १०८ आणि गेल्या सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारे एचबीए१सी ६.० होते. शेवटच्या ओळीत दाहाचा निर्देशांक, एचएस-सीआरपी, ४.६ मिलिग्रॅम प्रतिलिटर असा छापलेला होता. डॉक्टरांनी टेप काढून कमरेचा घेर मोजायला लावला, तो ९४ सेंटिमीटर भरला. भारतीय स्त्रियांसाठी ८० ही मर्यादा मानतात. ते म्हणाले, "मॅडम, नुसत्या एलडीएलकडे पाहिलं असतं तर मी तुम्हाला फक्त तेल-तूप कमी करा म्हणून घरी पाठवलं असतं. पण हा शेवटचा आकडा आणि कमरेचा घेर एकत्र वाचायचा. आणि भावाचं वय विसरायचं नाही." मग त्यांनी ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासाचा दाखला दिला. त्यात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका येण्याचे मध्यक वय ५३ निघाले होते, इतर प्रदेशांत ते ५९ होते. आपल्याकडे हा आजार काही वर्षे आधीच दाराशी येतो, हे माझ्या भावाच्या बाबतीत मी नुकतेच पाहिले होते.

सीआरपी हे यकृतात तयार होणारे एक प्रथिन आहे. १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा आढळले. शरीरात कुठेही दाह, म्हणजे इजा किंवा संसर्गाला शरीराने दिलेली सुजेसारखी प्रतिक्रिया, चालू असला, की इंटरल्युकिन-६ सारखे निरोप्या रेणू यकृताला ते बनवण्याचा हुकूम देतात. रक्तातले त्याचे अर्धायुष्य सुमारे १९ तास असते आणि प्रकृती कशीही असो, ते साधारण तेवढेच राहते. म्हणजे रक्तात सीआरपी किती सापडते हे यकृत ते किती वेगाने बनवते आहे यावरच अवलंबून असते. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला ही गोष्ट फार पटते. हृदयाच्या दृष्टीने १ च्या खाली कमी धोका, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त असे मानतात. आकडा १० च्या वर गेला तर बहुधा एखादा जंतुसंसर्ग चालू असतो आणि तो बरा झाल्यावर पुन्हा तपासावे लागते. साध्या सर्दीखोकल्यानेही तो चढतो, म्हणून एकाच तपासणीवर निष्कर्ष काढत नाहीत. दोन आठवड्यांच्या अंतराने दुसऱ्यांदा रक्त देऊन दोहोंची सरासरी पाहतात.

मधल्या काळात डॉक्टरांनी मला दातांच्या डॉक्टरांकडे पाठवले. हिरड्यांचा जुना आजार हेही सीआरपी वाढण्याचे एक कारण असते आणि ब्रश करताना माझ्या हिरड्यांतून अधूनमधून रक्त येत असे. दात स्वच्छ करून घेतले, औषधाच्या गुळण्या केल्या. दुसऱ्या खेपेला आकडा ४.१ आला. थोडा उतरला, पण ३ च्या वरच राहिला. संधिवात, थायरॉईड, मूत्रसंसर्ग या सगळ्यांची चौकशी होऊन त्यांतले काही निघाले नाही, तेव्हा पोटावरची चरबी आणि ती जिथून येते ते ताट, या दोन गोष्टींकडे आमचे बोलणे वळले.

रोहिणीच्या आत नेमके काय घडते हे डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावले. एलडीएलचे कण रोहिणीच्या आतल्या अस्तरातून भिंतीत शिरतात आणि तिथे त्यांचे ऑक्सिडीकरण होते. मग अस्तराच्या पेशी जणू इजा झाल्यासारख्या वागू लागतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींना आपल्याकडे ओढून घेतात. त्या पेशी भिंतीत शिरून चरबी गिळतात, फुगतात, तिथेच मरतात आणि त्यांचा एक मऊ थर साचतो. त्यावर तंतूंचे एक झाकण तयार होते. दाह जास्त असला तर पेशींतून स्रवणारी विकरे हेच झाकण आतून पातळ करत जातात, आणि ते फाटले की काही मिनिटांत तिथे रक्ताची गुठळी होते. भावाची रोहिणी झटक्याआधी पूर्ण बंद असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ती निम्मीच अरुंद झालेली होती. उरलेले काम झाकण फाटल्यावर गुठळीने केले.

दाहाला या आजारात स्वतंत्र स्थान आहे याचा भक्कम पुरावा २०१७ मध्ये मिळाला. कॅन्टॉस नावाच्या चाचणीत, आधी झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या १०,०६१ रुग्णांवर कॅनाकिनुमॅब हे औषध वापरून पाहिले. हे औषध दाहाचा एक निरोप अडवते, कोलेस्टेरॉलला मात्र हातही लावत नाही. तरीही १५० मिलिग्रॅमच्या मात्रेत पुढच्या झटक्यांसारख्या घटना १५ टक्क्यांनी कमी झाल्या. त्याच वेळी जीवघेणे जंतुसंसर्ग थोडे वाढले, म्हणून ते औषध या कामासाठी रुळले नाही. माझ्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच होता, की एलडीएल बरे असताना सीआरपीकडे दुर्लक्ष करणे शहाणपणाचे नव्हते.

आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्या भेटीत आहार सांगितलाच नाही. त्यांनी एक वही ठेवायला सांगितली आणि अट अशी घातली, की जे तोंडात जाईल ते सगळे लिहायचे, "भाजी" असे न लिहिता कुठली भाजी ते लिहायचे, आणि वरून जे पेरले, ओतले किंवा लावले जाते त्याची ओळ वेगळी करायची. ही शेवटची अट इंदूरच्या माणसाने घातली होती हे उघड आहे. आमच्या शहरात शेव हा पदार्थ बशीत घेऊन खायचा नसतो, तो सगळ्यावर पडतो. पोह्यांवर बारीक शेव, वरणावर लौंग शेव, उसळीवर उज्जैनी शेव, भाजी संपली तर शेवेचीच भाजी. जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी शेवेचा डबा असतो आणि त्याच्याकडे कोणी खाणे म्हणून पाहत नाही. मी स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर माझी रोजची मूठ ठेवून पाहिली, ती २५ ते ३० ग्रॅमच्या दरम्यान भरली. पाकिटावरच्या तक्त्याप्रमाणे शंभर ग्रॅम शेवेत ३५ ते ४० ग्रॅम स्निग्धांश होता. दिवसातून दोनदा मूठ पडली, तर चार चहाचे चमचे तेल आणि वर मीठ, आणि तेही कढईत अनेक वेळा तापलेले.

पोह्यांविषयी मात्र वहीने मला वेगळेच सांगितले. इंदुरी पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेत ठेवलेले असतात, त्यात तेल बेताचेच असते. कांदा, बडीशेप, जिरावन मसाला, लिंबू, डाळिंबाचे दाणे यांत काही वाईट नाही. रविवारी सकाळी त्यांच्याबरोबर येणारी जिलबी, वरची शेव आणि मग घेतलेला दोन चमचे साखरेचा चहा यांनी ती बशी जड होते. माझ्या वहीत रोज चार चहा होते, म्हणजे केवळ चहातून जवळपास ४० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली आणि शक्य तर ५ टक्क्यांखाली, म्हणजे साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. बाकी साखर कुठून येत होती हे मोजायची गरजच उरली नाही.

तेलाचा हिशेब आमच्या यजमानांनी केला. १५ किलोचा सोयाबीन तेलाचा डबा आमच्या पाच माणसांच्या घरात दोन महिन्यांच्या आत संपत होता. भागाकार केला तर माणशी रोज ५० ग्रॅमच्या वर तेल होते, म्हणजे त्यातूनच साडेचारशेच्या वर कॅलरी. शिवाय सणावारी तळणाचे उरलेले तेल गाळून पुढचे काही दिवस फोडणीला वापरायची आमच्याकडे जुनी रीत आहे. तापलेल्या तेलातले दुहेरी बंध हवेशी संयोग पावतात, आल्डिहाइड आणि इतर ध्रुवीय संयुगे तयार होतात, आणि प्रत्येक नव्या तापवण्यात ती साठत जातात. तळणाच्या तेलात ही संयुगे २५ टक्क्यांच्या वर गेली तर ते वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. घरी ते मोजायचे साधन नसते, पण तेल काळपट होणे, चिकट फेस येणे आणि कढई पुरती तापायच्या आतच धूर निघणे या खुणा कोणालाही ओळखता येतात.

चहाबरोबरचे टोस्ट आणि खारी हा वहीतला आणखी एक नियमित रकाना होता. निकेल उत्प्रेरकावर तेलाचे हायड्रोजनीकरण करून वनस्पती तूप कसे बनते हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले आहे. त्या अर्धवट हायड्रोजनीकरणात ट्रान्स मेदाम्ले तयार होतात, जी एलडीएल वाढवतात, एचडीएल घटवतात आणि दाहाचे निर्देशांकही चढवतात. जानेवारी २०२२ पासून तेल-चरबीत आणि त्यांपासून केलेल्या पदार्थांत ट्रान्स मेदाम्लांना २ टक्क्यांची मर्यादा आहे, ही मोठी सुधारणा आहे. पण सुट्या विकल्या जाणाऱ्या मालावर तक्ता छापलेला नसतो, आणि ट्रान्स मेद गेला तरी मैदा, साखर आणि मीठ तिथेच राहतात.

यानंतर मी २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचला, जो दाह वाढवणारा आहार आणि हृदयविकार यांचा थेट संबंध पाहतो. सुमारे २ लाख १० हजार परिचारिका आणि इतर आरोग्य-व्यावसायिक यांचा आहार ३२ वर्षांपर्यंत दर चार वर्षांनी विचारला गेला. कोणता आहार रक्तातले सीआरपी, इंटरल्युकिन-६ यांसारखे निर्देशांक वाढवतो ते आधी ठरवून प्रत्येकाच्या ताटाला त्यानुसार गुण दिले. सर्वाधिक दाहकारक ताट असणाऱ्यांत सर्वांत कमी दाहकारक ताटाच्या तुलनेत हृदय व रक्तवाहिन्यांचे आजार ३८ टक्क्यांनी जास्त दिसले, त्यातही रोहिणीचा विकार ४६ टक्क्यांनी आणि पक्षाघात २८ टक्क्यांनी. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, कारण सिद्ध करणारी चाचणी नव्हे, आणि ते लोक आपल्यासारखे जेवत नाहीत. तरीही इतक्या माणसांत इतकी वर्षे दिसलेला कल बाजूला सारण्यासारखा नाही. दाह वाढवणाऱ्या बाजूला त्यांच्याकडे लाल आणि प्रक्रिया केलेले मांस, मैद्याचे पदार्थ आणि साखरेची पेये होती. कमी करणाऱ्या बाजूला हिरव्या पालेभाज्या, लाल भोपळा-गाजरासारख्या पिवळ्या-केशरी भाज्या, अखंड धान्ये, फळे, चहा आणि कॉफी. आमचे घर शाकाहारी आहे, त्यामुळे मांसाचा प्रश्न नव्हता. शाकाहारी म्हणजे आपोआप हृदयाला हितकर, हा समज मात्र इंदूरमध्ये फार घट्ट आहे, आणि मला तो धोक्याचा वाटतो. मैदा, साखर, तळलेले बेसन आणि बटाटा हे सगळे शाकाहारीच आहे.

ताटातून दाह रोहिणीपर्यंत पोचतो तो एकाच वाटेने नाही. पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी ही नुसती साठवण नसते. तिच्यात शिरलेल्या पांढऱ्या पेशी आणि स्वतः चरबीच्या पेशी इंटरल्युकिन-६ सोडत राहतात आणि यकृत त्याप्रमाणे सीआरपी बनवत राहते. माझ्या बाबतीत डॉक्टरांना हीच मुख्य वाट वाटत होती. शिवाय मैदा-साखर आणि तेल यांचे एकत्र जेवण झाले, की पुढचे काही तास रक्तात साखर आणि ट्रायग्लिसराइड चढलेले राहतात आणि तेवढा वेळ रोहिणीचे अस्तर नीट सैलावत नाही. दिवसातून चारदा असे खाणे झाले तर त्या अस्तराला उसंतच मिळत नाही. तंतूंचा भाग मला सर्वांत नवा होता. आपल्याला न पचणारे तंतू मोठ्या आतड्यातले जिवाणू खातात आणि ब्युटिरिक आम्लासारखी लहान मेदाम्ले बनवतात, ज्यांवर आतड्याचे अस्तर पोसले जाते. तंतू कमी पडले की ते अस्तर दुबळे होते आणि जिवाणूंचे विषारी अंश थोडे थोडे रक्तात झिरपतात. आणि माझ्या वहीत अख्ख्या आठवड्यात पालेभाजी एकदाच आली होती.

बदल आम्ही एकदम केले नाहीत. पहिला गेला शेवेचा डबा, म्हणजे टेबलावरून फडताळात गेला आणि रविवारपुरता उरला. चहा दोनवर आला, साखर आधी एक चमचा, मग अर्धा. टोस्टच्या जागी मूठभर भाजलेले चणे-शेंगदाणे आले. तळणाचे तेल एकदा वापरून टाकायचे ठरल्यावर तळण आपोआप कमी झाले, कारण तेलाची किंमत डोळ्यांसमोर येते. १५ किलोचा डबा आणणे बंद करून आम्ही महिन्याला मोजून पाच लिटर आणू लागलो आणि त्यात मोहरीचे आणि शेंगदाण्याचे तेल आलटूनपालटून ठेवले. संकष्टी आणि एकादशीला साबूदाण्याची खिचडी हे आमच्या घरातले व्रत होते. साबूदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो, म्हणून राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि काकडीची कोशिंबीर असा उपास सुरू केला.

ज्वारीचा विषय निघाला तेव्हा मदत आली ती सासूबाईंकडून. त्यांचे वय ७८. शेव टेबलावरून हलवल्याचे त्यांना मुळीच आवडले नव्हते, आणि चार दिवस त्या वरणभात मुकाट्याने जेवल्या. पण ज्वारीची भाकरी रात्रीच्या जेवणात येणार म्हटल्यावर त्यांनी परात स्वतःकडे ओढली. त्यांच्या लहानपणी माळव्यात सोयाबीन नव्हते, घराघरांत ज्वारी आणि मका होता आणि गहू सणाला, असे त्या सांगत होत्या. पीठ गरम पाण्यात मळून, तळव्याने रेटत, परातीत पाण्याचा हात लावून त्यांनी भाकरी थापली ती चंद्रासारखी गोल, माझी पहिली कडेला फाटली तेव्हा म्हणाल्या, "अगं, पीठ शिळं आहे. ज्वारी दळून आणली की आठ दिवसांत संपवायची." चक्कीवर थोडे थोडे दळून आणू लागलो तेव्हापासून भाकरी फाटत नाही. भाकरीबरोबर जवसाची चटणी आली. तिच्यात वनस्पतिजन्य ओमेगा-३ मेदाम्ल भरपूर असते, आणि अक्रोडापेक्षा ती कितीतरी स्वस्त पडते. हिवाळ्यात मेथी, पालक, बथुआ आणि हरभऱ्याचा कोवळा पाला मंडईत स्वस्त असतो. त्या दिवसांत रोज एक पालेभाजी हा नियम पाळायला काहीच कष्ट पडले नाहीत. उन्हाळ्यात तो पाळणे अवघड जाते आणि तेव्हा लाल भोपळा, गाजर, दुधी आणि मोड आलेली मटकी यांवर भर द्यावा लागतो.

सराफ्यात, म्हणजे सराफ बाजारात रात्री भरणाऱ्या खाऊगल्लीत, जाणे आम्ही सोडले नाही. सोन्याचांदीची दुकाने बंद झाल्यावर तिथे जी रात्र उगवते ती इंदूरच्या माणसाच्या आयुष्याचा भाग आहे, आणि थंडीत एकदा तरी गरम गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाल्ल्याशिवाय मोसम पुरा होत नाही. आहारतज्ज्ञ बाईंचेही मत तेच होते, की हृदयाचे भवितव्य सराफ्यातल्या एका रात्री ठरत नाही, ते रोज सकाळ-संध्याकाळच्या त्याच त्याच घासांनी ठरते. मला हे म्हणणे अगदी योग्य वाटते, कारण लोक बहुधा उलट वागतात: लग्नकार्यात जिलबी नाकारतात आणि घरी चार वाजता बिस्किटांचा पुडा संपवतात.

या काळात सल्ले पुष्कळ आले. शेजारच्या वहिनींनी हळदीचे दूध सांगितले, एका नातेवाइकांनी अर्जुनाच्या सालीचा काढा आणून दिला, कोणी उपाशीपोटी लसूण सुचवला. हळदीतल्या कर्क्युमिनचा दाहावर परिणाम प्रयोगशाळेत दिसतो, पण ते आतड्यातून फार कमी शोषले जाते. फोडणीतली हळद चालू ठेवावी, तिला औषध समजून गोळ्या थांबवू नयेत. माळव्यात सध्या दुसरा एक प्रचार जोरात आहे, की सोयाबीनच्या तेलातल्या ओमेगा-६ मेदाम्लानेच दाह वाढतो, म्हणून ते टाकून पुन्हा भरपूर तूप खावे. माणसांवरच्या नियंत्रित चाचण्यांत लिनोलेइक आम्ल, म्हणजे हेच ओमेगा-६, वाढवल्याने सीआरपी वाढलेले आढळलेले नाही, आणि सोयाबीनच्या तेलात थोडे ओमेगा-३ देखील असते. आमच्या घरी दोष तेलाच्या जातीत नव्हता. ते किती लागते आणि किती वेळा तापते यात होता. हा फरक मी शाळेतल्या सहकाऱ्यांना पुन्हा पुन्हा समजावून सांगते, कारण त्या प्रचाराच्या भरात दोघांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, बंद केल्याचे मला माहीत आहे.

आहारातल्या बदलाबरोबर रात्री जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे कॉलनीत फेऱ्या मारणे सुरू केले होते. जेवणानंतर चालले की चढलेली साखर स्नायू वापरतात. साधारण चार महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. वजन पाच किलोंनी उतरले होते, कमर ८८ वर आली होती. ट्रायग्लिसराइड २१२ वरून १४२, एचडीएल ४१, साखर ९९. एचएस-सीआरपी २.३ होते. एलडीएल मात्र १२८ वरून ११९ एवढेच उतरले. मला वाटले होते, की आता गोळी लागणार नाही, आणि हे मी डॉक्टरांना बोलूनही दाखवले. त्यांनी सीटी स्कॅनवर रोहिणीतला कॅल्शियम, म्हणजे भिंतीत साचलेल्या थराची खूण, मोजून घ्यायला सांगितला. त्याचा गुणांक १८ आला. थोडाच, पण या वयाच्या बाईचा तो बहुधा शून्य असतो.

मग त्यांनी २००८ च्या ज्युपिटर चाचणीची माहिती दिली. एलडीएल १३० च्या खाली आणि सीआरपी २ किंवा त्याहून जास्त असलेल्या १७,८०२ निरोगी माणसांना तीत रोसुव्हास्टॅटिन हे स्टॅटिन किंवा औषध नसलेली साधी गोळी दिली होती. औषध घेणाऱ्यांत झटका, पक्षाघात यांसारख्या घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या, एलडीएल निम्मे झाले आणि सीआरपीही ३७ टक्क्यांनी उतरले. त्या चाचणीतल्या स्त्रिया ६० च्या पुढच्या होत्या, मी तेवढी नाही, हे त्यांनी आपणहून सांगितले. पण भावाचे वय, कॅल्शियमचा गुणांक आणि आहार बदलूनही २ च्या वर राहिलेले सीआरपी हे सगळे जमेस धरून त्यांनी कमी मात्रेची गोळी सुचवली. मी ती सुरू केली. आहाराने माझी चरबी, साखर आणि दाह खाली आणला. रोहिणीच्या भिंतीत आधीच शिरलेल्या एलडीएलसाठी औषध हवे होते. दोन्ही एकमेकांच्या जागी येत नाहीत हे मला त्या कागदावरच्या आकड्यांनी पटवले, आणि गोळी घेऊ लागल्यावर शेवेचा डबा पुन्हा टेबलावर आला नाही.

भावाच्या बाबतीत एक प्रश्न शिल्लक होता. तो माझ्याहून बारीक, चालणारा, त्याच्याकडे खाणेही आमच्यापेक्षा साधे. मग त्याला आधी का? लायपोप्रोटीन-ए नावाचा एक कण असतो, एलडीएलसारखाच पण जास्त चिकट. त्याचे प्रमाण जवळजवळ पूर्णपणे आईवडिलांकडून येते, आहाराने किंवा व्यायामाने ते हलत नाही आणि स्टॅटिननेही कमी होत नाही. म्हणून ते आयुष्यात एकदा मोजले तरी पुरते. नेहमीच्या लिपिड तपासणीत ते नसते, वेगळे सांगावे लागते. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर ते धोक्याचे मानतात. आम्ही दोघांनी रक्त दिले. माझे १४ निघाले, त्याचे ९२. त्याच्या डॉक्टरांनी त्याचे एलडीएल ५५ च्या खाली ठेवायचे ठरवून औषध वाढवले आहे, आणि त्याच्या दोन्ही मुलांचे रक्त दिवाळीच्या सुट्टीत ती घरी येतील तेव्हा तपासायचे आहे. थोरली वीस वर्षांची आहे आणि पुण्यात वसतिगृहात राहते. तिने मला फोनवर मेसमध्ये मिळणाऱ्या पदार्थांची यादी वाचून दाखवली आणि त्यातले काय निवडू, आत्या, असे विचारले. वरण, उसळ, दही, एक फळ आणि मिळेल ती पालेभाजी, असे मी तिला सांगितले आहे, आणि तिचे लायपोप्रोटीन-ए कितीही निघाले तरी यात बदल करायचा नाही, हेही.